टवक्याचा इतिहास

धावत्या मोटारीच्या बॉनेटवर खडा आपटून रंगाचा टवका उडतो, तेव्हा एका घावात दोन नुकसानं होतात. पत्रा उघडा पडतो आणि गाडी डागाळते. पहिलं नुकसान धातूचं, दुसरं नजरेचं. त्यावर घरच्या घरी करायचा उपाय आज सगळ्यांच्या ओळखीचा आहे: झाकणालाच कुंचला बसवलेली, गाडीच्या रंगाची एक छोटी बाटली. हा उपाय वापरणाऱ्यांची तक्रारही सगळीकडे सारखीच असते. रंग जुळला नाही, ठिपका उठून दिसतो, पहिला टवकाच बरा होता. म्हणजे बाटलीची परीक्षा आपण दुसऱ्या नुकसानावर घेतो आणि तिला नापास करतो. माझ्या मते ही परीक्षाच चुकीच्या विषयाची आहे. वाहनाचा रंग घरी सांभाळण्याची रीत अंग वाचवण्यासाठी सुरू झाली. डाग दिसूच नये ही अपेक्षा तिच्यात पुढे, 1920 च्या दशकात शिरली. त्यानंतर जवळजवळ अर्धं शतक एका विशिष्ट रसायनाने दोन्ही कामं एकाच थेंबात करून दिली. ते रसायन गेलं, पण त्याने लावलेली सवय मागे राहिली.

सुरुवात घोडागाडीपासून करावी लागते, कारण पहिल्या मोटारींचा रंग हा बग्गीचाच रंग होता. कारागीर तेच होते, कुंचले तेच आणि साहित्यही तेच. सांगाडा लाकडी, त्यावर शिसं मिसळलेला अस्तराचा हात, मग खड्डे बुजवणारी लांबी, ती प्युमिस दगडाने पाणी लावून घासायची, मग रंगाचे हात आणि शेवटी व्हार्निशचे. जवसाच्या तेलात राळ शिजवून केलेलं ते व्हार्निश हवेतला प्राणवायू शोषून वाळायचं आणि त्याला त्याच्या गतीनेच वाळू द्यावं लागायचं. एका गाडीचं रंगकाम पुरं व्हायला आठवड्यांमागून आठवडे जात. एवढा खटाटोप निव्वळ शोभेसाठी नव्हता. लाकूड पाणी पितं, फुगतं, सांधे सैल होतात. रंग हे लाकडाचं पावसाळी कातडं होतं. म्हणून चांगल्या बग्गीला ठरावीक काळाने पुन्हा व्हार्निश करून घेण्याची रीत होती. चिखल वाळण्याआधी धुवावा, तबेल्यातल्या अमोनियाच्या वाफेपासून गाडी दूर ठेवावी, हे गाडी बाळगणाऱ्याला ठाऊक असलेलं शहाणपण होतं. छटा तंतोतंत जुळण्याचा आग्रह तिथे फारसा चालण्यासारखा नव्हता, कारण व्हार्निश मुळातच पिवळसर आणि वर्षागणिक अधिक पिवळं होत जाणारं. कालचा निळा आज हिरवट दिसायचा आणि मालक ते गृहीत धरून चालायचा.

मोटारींची संख्या वाढली तशी ही आठवड्यांची वाट पाहणं अशक्य झालं. फोर्डच्या मॉडेल टी गाडीची निर्मिती 1908 ते 1927 अशी चालली आणि त्यातली 1914 पासूनची बरीच वर्षं ती फक्त काळ्या रंगात मिळत होती. काळा रंग लवकर वाळतो म्हणून तो निवडला, असं कारण सर्रास सांगतात. पण वाळण्याचा वेग रंगाच्या कुळावर आणि वाळवण्याच्या पद्धतीवर ठरतो. काळ्याचं खरं बळ स्वस्ताईत आणि टिकाऊपणात होतं. डांबरासारख्या खनिजापासून केलेला तो लेप लोखंडी भागांवर भट्टीत भाजून पक्का करता येई. त्याच सुमारास, 1914 पासून, एडवर्ड बड यांच्या कारखान्याने डॉज बंधूंसाठी संपूर्ण पोलादी बॉडी बनवायला घेतली. लाकूड भट्टीत घालता येत नाही, पोलाद घालता येतं. रंग भाजण्याची वाट इथे मोकळी झाली. पण पोलादाबरोबर शत्रूही बदलला. लाकडाचं कुजणं सावकाश असतं, ते आधी दिसतं. पत्र्याचा गंज रंगाच्या कडेखालून आत सरकतो आणि पोपडे धरू लागल्यावरच लक्षात येतो. टवका ही तातडीची बाब झाली ती इथून. छोट्याशा उघड्या जागेवर मालकाने रंगाचा थेंब टेकवावा यात आता शोभेपेक्षा निकड जास्त होती. त्यात काळ्यावर काळा लावायचा असल्याने छटेचा प्रश्नच येत नव्हता.

यानंतरचा टप्पा थोडा निवांत पाहण्यासारखा आहे, कारण आजच्या सगळ्या अपेक्षांची पेरणी तिथे झाली. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून मिळणारं नायट्रोसेल्युलोज 1846 मध्ये शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने बाझल इथे तयार केलं होतं. ते स्फोटक म्हणून वापरलं गेलं, फोटोच्या फिल्मसाठी वापरलं गेलं. द्रावकात विरघळवलं तर त्याचा चकचकीत, झटपट वाळणारा पापुद्रा होतो, हेही माहीत होतं. अडचण दाटपणाची होती. फवाऱ्यातून उडण्याइतकं पातळ करायचं तर द्रावक इतका घालावा लागे की वाळल्यावर अंगावर जवळजवळ काही उरत नसे. पुरेशी जाडी यायला कितीतरी हात द्यावे लागत. 1920 च्या जुलैमध्ये न्यू जर्सीतल्या पार्लिन इथल्या ड्यू पाँट कंपनीच्या फिल्म कारखान्यात सोडियम ॲसिटेट मिसळलेलं असं एक द्रावण सुट्टीच्या दिवसांत तसंच पडून राहिलं आणि नंतर पाहावं तर ते अनपेक्षितपणे पातळ झालेलं होतं. म्हणजे भरपूर नायट्रोसेल्युलोज असूनही पातळ असं द्रावण हाती आलं. एडमंड फ्लाहर्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून मोटारीचा रंग घडवला. 1923 मध्ये तो ‘ड्युको’ नावाने बाजारात आला आणि जनरल मोटर्सने 1924 सालच्या आपल्या ओकलंड गाड्यांना तो निळ्या रंगात दिला. आठवड्यांचं काम तासांवर आलं आणि काळ्याची सक्ती संपली.

रंग स्वस्तात आणि झटपट देता येऊ लागला, तेव्हा तो विकण्याची वस्तू झाला. जनरल मोटर्सने 1927 मध्ये हार्ली अर्ल यांच्या हाताखाली ‘आर्ट अँड कलर’ असा स्वतंत्र विभागच उघडला. त्या नावातच कंपनीने रंगाला काय मोल दिलं ते वाचता येतं. त्याआधी 1925 मध्ये थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी कागदी चिकटपट्टी तयार केली होती. कारण मोटारी दोन रंगांत रंगवण्याची टूम आली होती, दोन रंगांमधली रेघ स्वच्छ यायला हवी होती आणि आधीच्या चिकटपट्ट्या काढताना ताजा रंगही उचलून आणत. डांबरी काळ्याच्या राज्यात या पट्टीची कुणाला गरज पडली नसती. डाग आता डोळ्यात खुपू लागला तो याच काळात. टवक्यातून गंज येतो ही भीती जुनी होती. टवक्याने गाडीची किंमत आणि मालकाची ऐट उतरते, ही भीती नवी होती. आणि योगायोग असा, की ज्या रसायनाने ही नवी भीती आणली, त्याच्याकडेच तिच्यावरचं औषधही होतं.

ते औषध कळायला रंग वाळतो म्हणजे काय होतं, हे पाहायला हवं. ड्युकोच्या जातीचा रंग, म्हणजे लॅकर, निव्वळ द्रावक उडून गेल्याने वाळतो. आतल्या रेणूंची एकमेकांत कायमची गाठ बसत नाही. त्यामुळे पुढे केव्हाही थिनर लागला की वाळलेला जुना थर पुन्हा मऊ होतो. कच्च्या मडक्याला चीर गेली तर कुंभार ओली माती लावून ती सांधू शकतो आणि वाळल्यावर जोड सापडत नाही; भाजलेल्या मडक्याला मात्र ओली माती धरत नाही. लॅकर हे कच्चं मडकं होतं. टवक्यात सोडलेला नवा थेंब जुन्या रंगाच्या कडा विरघळवून त्यांच्यात मिसळायचा. वाळल्यावर वरचा उंचवटा पाण्याच्या कागदाने घासायचा, मग कंपाउंडने चोळायचा. आजही आपल्याकडचे रंगारी ज्याला ‘वॉटर पेपर’ म्हणतात, तो पाण्यात भिजवून घासण्याचा कागद थ्रीएमने 1921 मध्येच बाजारात आणला होता आणि कोरड्या घासण्याने उडणाऱ्या शिशाच्या धुळीपासून रंगाऱ्यांची फुप्फुसं त्याने वाचवली होती. एवढं साहित्य, थोडा धीर आणि सुटीचा एक दिवस. कुठल्याही मालकाला ही दुरुस्ती साधण्यासारखी होती. कापडाच्या भाषेत सांगायचं तर हे रफू होतं: धागा त्याच कापडात विणला जायचा. झाकणात कुंचला असलेल्या बाटलीचा आकार नखं रंगवण्याच्या बाटलीसारखा आहे आणि ते साम्य वरवरचं नाही. नेलपॉलिशचा पापुद्राही मुख्यतः नायट्रोसेल्युलोजचाच. 1949 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एडवर्ड सीमोर यांनी रंग डब्यातून दाबाने फवारण्याची युक्ती काढली आणि कारखान्यातला फवाराही घरापर्यंत पोहोचला.

मुंबईशी या गोष्टीचा संबंध शब्दांतून आणि गाड्यांतून, दोन्हींतून लागतो. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला सुट्या भागांतून मोटारी जोडण्याचा कारखाना घातला होता. सरकारी धोरण बदलल्यावर 1950 च्या दशकात तो बंद झाला. गाड्या गेल्या, शब्द राहिला. आपल्याकडे फर्निचर करून घेताना सुतार ‘लॅमिनेट लावायचं की ड्युको मारायचा’ असं विचारतो, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या त्या मोटारीच्या रंगाचं नाव तो नकळत घेत असतो. रंगाचा धंदाही इथलाच. लोअर परळला 1920 मध्ये निघालेल्या गहागन पेंट्समधून पुढे नेरोलॅक झाली आणि मोटार कारखान्यांना रंग पुरवणाऱ्या देशातल्या मोठ्या कंपन्यांत तिची गणना होऊ लागली. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज-प्लायमाउथ, मग फियाट आणि 1970 च्या दशकात पद्मिनी बाहेर पडली. परवाना पद्धतीच्या काळात गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. साहजिकच हाती आलेली गाडी वीस-पंचवीस वर्षं चालवायची, हे ठरलेलं असे. अशा गाडीचा टवका भरणं ही हौस नव्हती. कोकणपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत चार महिने पाऊस झेलणारा पत्रा तसाच सोडला तर दुसऱ्या पावसाळ्याआधी तिथे पोपडा धरे आणि मग टवक्याचं काम पत्रा कापून जोडण्यावर जाई. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून कायमची उतरली. तिचे दोन्ही रंग साधे होते, धातूची झाक नसलेले. असा रंग भरताना छटा जुळवण्याचं ओझं जवळजवळ राहत नाही, आणि पोटासाठी रोज धावणाऱ्या गाडीला ती सोय फार मोलाची.

मग बदललं काय? मडकं भाजलं गेलं. 1930 च्या दशकापासूनच अल्किड इनॅमल हे लॅकरला स्पर्धक होतं. त्याचे रेणू वाळताना एकमेकांशी कायमचे बांधले जातात. लॅकरचा अखेरचा मोठा अवतार ॲक्रिलिकचा होता. पण द्रावकाच्या वाफा शहरांच्या हवेत धूर माजवतात, हे लक्षात आल्यावर 1966 मध्ये लॉस एंजेलिस परगण्याने द्रावकांवर बंधनं घातली आणि भरपूर द्रावक मागणाऱ्या लॅकरची अखेर जवळ आली. त्याच दशकात फोर्डमध्ये जॉर्ज ब्रूअर यांच्या पुढाकाराने गाडीची अख्खी बॉडी रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने अस्तर चढवण्याची पद्धत रुळली. 1976 पासून तिचं सुधारलेलं, गंजाला अधिक दाद न देणारं रूप आलं. वरच्या बाजूला रंग आणि चकाकी यांची फारकत झाली: खाली पातळ रंगाचा थर, वर पारदर्शक क्लिअर कोट. आजच्या गाडीच्या रंगाची सगळी जाडी मिळून सुमारे 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा ते सातवा हिस्सा. त्यात अस्तर 20 च्या आसपास, त्यावरचा सर्फेसर 30 ते 40, प्रत्यक्ष रंग 15 ते 20 आणि क्लिअर कोट 40 ते 50. अस्तर भाजतात ते 170-180 अंश सेल्सिअसला, वरचे थर 140 च्या आसपास. या चार थरांच्या भाजलेल्या पापुद्र्यात बाटलीतला थेंब मिसळण्याचा प्रश्नच येत नाही. तो खड्ड्यात जाऊन बसतो, कडांना चिकटतो, एवढंच. रंग चंदेरी झाकेचा असेल तर आणखी एक अडचण. त्यातल्या ॲल्युमिनियमच्या चकत्या फवाऱ्याने मारताना पृष्ठभागाशी समांतर निजतात, तर कुंचल्याने लावताना वाट्टेल तशा पडतात. बाटलीतला रंग बिनचूक त्याच कोडचा असला, तरी समोरून गडद आणि बाजूने फिका असा तो वेगळा दिसणारच. रफूचं ठिगळ झालं ते असं. दोष मालकाच्या हाताचा नव्हे.

यावर पहिला आक्षेप जुन्या जाणत्यांचा येईल: म्हणजे जुना रंगच चांगला होता, नव्याने आपल्याला परावलंबी केलं. हे मला पटत नाही. लॅकर दुरुस्तीला सोपा होता, पण दुरुस्ती मागणाराही तोच होता. उन्हात त्याची चमक जाई, वरचा थर भुकटीसारखा सुटे, बारीक भेगा पडत. महिन्या-दोन महिन्यांनी तो पॉलिश करावा लागे आणि दर पॉलिशला थोडा झिजे. भाजलेला क्लिअर कोट यातलं जवळजवळ काहीच मागत नाही. जी गोष्ट कायम हाताखाली ठेवावी लागते ती हाताला सवयीची वाटते, इतकाच त्या आठवणीचा अर्थ.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गेल्या चाळीसेक वर्षांत अनेक गाड्यांचा पत्रा जस्ताचा मुलामा देऊनच येतो; ऑडीने 1980 च्या दशकाच्या मध्यात संपूर्ण जस्तलेपित बॉडी आणली आणि इतरांनी कमी-अधिक प्रमाणात ती वाट धरली. मग गंजाची भीती उरली कुठे? आणि ती नसेल, तर बाटलीचं उरलेलं काम दिसण्याचंच ना? यातला काही भाग मान्यच करायला हवा. बंपर प्लास्टिकचे असतात; त्यांच्यावरच्या टवक्याने काहीही गंजत नाही, तो तसाच राहिला तरी चालतं. टवका उथळ असेल आणि तळाशी राखाडी अस्तर शाबूत दिसत असेल, तर तिथेही घाई नाही. पण जस्त पत्र्याला वाचवतं ते स्वतः झिजून. मुलामा काही मायक्रॉनांचा आणि उघड्या जागी तो संपत जाणारा. खाऱ्या हवेत लवकर संपणारा. सगळ्या गाड्यांना, गाडीच्या सगळ्या भागांना तो असतो असंही नाही. खड्याने जस्तासकट खरवडून पोलाद उघडं केलं, की प्रश्न 1914 सालचाच उरतो. फरक पडलाय तो वेगामुळे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग या शतकाच्या सुरुवातीला खुला झाला आणि ताशी 60 ऐवजी 100 किलोमीटरने धावणं अनेकांच्या रोजच्या सवयीचं झालं. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्या हिशेबाने स्थिर पडलेला तोच खडा जवळजवळ पावणेतीन पट जोराने लागतो. पुढच्या ट्रकच्या चाकाने तो उडवला असेल तर गणित बदलेल, दिशा तीच राहील. अस्तर सुधारलं, तसे घावही खोल झाले.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: घरी ठिगळ लावण्यापेक्षा डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे द्यावं, तो अख्खं बॉनेट रंगवून देईल आणि काही दिसणार नाही. दिसणार नाही हे खरं. चांगला रंगारी छटा शेजारच्या भागात विरवत नेतो आणि ती कला मोठी आहे. पण त्यासाठी काय खर्ची पडतं, ते पैशांपलीकडे मोजलं पाहिजे. कारखान्यात 140 अंशांना भाजलेला थर तो घासतो आणि त्यावर चढवतो तो रंग फार तर 60 अंशांच्या आसपास पक्का होणारा, कारण तयार गाडीत रबर, प्लास्टिक, वायरी, सीटा सगळं असतं. ती पुन्हा मूळ भट्टीत घालता येत नाही. तीन मिलिमीटरच्या खड्ड्यासाठी दीड मीटर रुंदीचा शाबूत क्लिअर कोट आपण घासायला देतो. शिवाय हा दोन घटकांचा रंग घट्ट करण्यासाठी त्यात मिसळावं लागणारं आयसोसायनेट श्वासातून गेलं तर दम्यासारखा विकार जडवतं, आणि बंदिस्त, कोंदट गाळ्यात साध्या फडक्याने नाक बांधून फवारा मारणारा कारागीर तो धोका आपल्या वतीने पत्करतो. मोठा चरा असेल, पत्रा चेपला असेल, तर त्याच्याकडे जायलाच हवं आणि त्याला त्याच्या कसबाचं मोलही द्यायला हवं. टवक्यासाठी मात्र ही किंमत मला अवाजवी वाटते.

घरच्या कामाकडे या नजरेने पाहिलं की त्याचा क्रमही बदलतो. सगळं लक्ष रंगाच्या बाटलीवर असतं, तर खरं काम तिच्या आधीचं आहे. टवका साबणाच्या पाण्याने धुवायचा, मेणचट पॉलिश निघून जाईल असा स्पिरिटने पुसायचा, गंजाचा तांबूस ठिपका दिसला तर वॉटर पेपरचं टोक काडीला गुंडाळून तेवढाच खरवडायचा, आजूबाजूच्या रंगाला हात न लावता. मग गंजरोधक प्रायमरचा बारीक थेंब, फक्त उघड्या धातूवर. तो पुरता वाळल्यावर रंग, आणि तोही एका दमात खड्डा भरून नव्हे. द्रावक उडाला की थेंब बसतो, म्हणून पातळ थर, मध्ये काही तासांची उसंत, असे दोन-तीन वेळा. झाकणातला कुंचला या कामाला बहुधा जाड पडतो. टोकदार केलेली काडी बरी. शेवटी क्लिअर. कुंद, पावसाळी हवेत हे करू नये, कारण सुकणाऱ्या थेंबावर दमटपणा बसून तो पांढुरका होतो; कोरड्या दिवशी, सावलीत, पत्रा तापलेला नसताना करावं. इतकं केल्यावरही हातभर अंतरावरून ठिपका दिसेल. त्याच्या खाली पत्रा कोरडा असेल.